जागा एकाची, मेहनत दुसऱ्याची, पैसे तुमचे: वॉशिंग सेंटरच्या भागीदारीबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात नोकरी करता. साताऱ्यात महामार्गाच्या सेवा रस्त्याला लागून दोन मित्र वॉशिंग सेंटर काढतायत. एकूण खर्च १८ लाख. पहिल्या मित्राची पाच गुंठे जागा आहे, तो ५ लाख घालणार. दुसऱ्यानं काही वर्षं शोरूमच्या वर्कशॉपमध्ये काम केलंय, तो ३ लाख घालणार आणि सेंटर चालवणार. उरलेले १० लाख तुमचे. नफा तिघांत सारखा. 'रोज २० गाड्या, गाडीमागे ५००, महिन्याचे ३ लाख, निम्मा खर्च धरला तरी दीड लाख सुटतात' असा हिशेब त्यांनी तुम्हाला सांगितलाय. आणि तुम्ही विचारताय, घालू का पैसे?

मी सांगलीत भागीदारीतच वॉशिंग सेंटर चालवतो आणि बरीच वर्षं याच धंद्यात आहे. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो. हा धंदा चालतो की नाही हा तुमचा खरा प्रश्न नाही. चांगल्या जागी, पाणी असेल तर आणि मालक स्वतः उभा राहत असेल तर तो चालतो. तुमचा प्रश्न असा आहे की तिघं तीन वेगळ्या गोष्टी आणतायत, एक जागा, एक श्रम, एक पैसा, आणि या तिन्हींचा मोबदला 'नफा सारखा' या दोन शब्दांत कोंबलाय. धंदा मंद असला की यातून भांडण होतं, आणि चांगला चालला की त्याहून मोठं होतं. दुसऱ्या वर्षी चालवणारा म्हणतो, मी सकाळी सातपासून पाण्यात उभा असतो आणि पुण्यात बसलेल्यालाही तेवढंच? जागावाला म्हणतो, ही जागा मी मोबाईल टॉवरला दिली असती तर घरबसल्या भाडं आलं असतं. तुम्ही म्हणता, सगळ्यात जास्त पैसे माझे. तिघांचंही बरोबर असतं.

यावर मला माहीत असलेला उपाय एकच: जागेला भाडं, कामाला पगार, पैशाला व्याज. हे तिन्ही आधी खर्चात टाकायचं आणि त्यानंतर जे उरेल त्याला नफा म्हणायचं. तो मग सारखा वाटा किंवा कमीजास्त, फारसं बिघडत नाही.

आता मित्रांच्या हिशेबाकडे येऊ. रोज २० गाड्या हा आकडा रविवारचा असतो. वॉशिंग सेंटरला शनिवार-रविवार वेगळे आणि मंगळवार वेगळा. वर्षाचंही तसंच आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याच्या सकाळी रांग आवरत नाही, दिवाळीच्या आधीचा आठवडा तसाच, लग्नसराईत बरं चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की लोक म्हणतात, 'आज धुऊन उद्या परत चिखलच.' दुसरं म्हणजे गाडीमागे ५००. फोम वॉश, आतून व्हॅक्यूम, डॅशबोर्ड आणि टायर पॉलिश असं पूर्ण काम केलं तर ४५०-५०० मिळतात, पण निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक 'नुसती बॉडी मारून द्या' म्हणणारं असतं, त्याचे २०० ते २५०. तालुका-जिल्ह्याच्या ठिकाणी सरासरी ३५० च्या वर मी कधी धरत नाही.

तर १२ चारचाकी आणि १० दुचाकी अशी वर्षभराची रोजची सरासरी धरू. चारचाकीचे ४,२००, दुचाकीला ८० प्रमाणे ८००, दिवसाचे ५,०००. महिन्याला २६ दिवस म्हणजे १ लाख ३० हजार. खर्च: तीन मुलांचा पगार ४५ हजार, जागेचं भाडं १५, वीज ९, शाम्पू-पॉलिश-कापडं १०, पाणी वर्षाच्या सरासरीनं ४, दुरुस्ती ५, हिशेबनीस-इंटरनेट-चहापाणी ४. झाले ९२ हजार. उरले ३८. चालवणाऱ्या मित्राला २० हजार पगार द्या, उरले १८. पंप, गाडी उचलायची लिफ्ट, व्हॅक्यूम पाण्यातच असतात, सहा-सात वर्षांत बदलावे लागतात. त्यासाठी महिन्याला १२ हजार बाजूला काढा, उरले ६. आणि १८ लाखांवर ९ टक्क्यांनी व्याज महिन्याला साडेतेरा हजार होतं. म्हणजे १२ गाड्यांना भांडवलाचं व्याजही पूर्ण सुटत नाही.

सरासरी खरोखर २० गाड्यांची निघाली तर? जमा २ लाख ३ हजारांच्या आसपास. एक मुलगा वाढेल. साबण, वीज, पाणी वाढेल. खर्च १ लाख १८ हजार. पगार, बाजूला काढलेली रक्कम आणि व्याज वजा जाता ३९ हजार उरतात. छान वाटतं. पण थांबा. वर्षाची उलाढाल २४ लाख झाली, म्हणजे सेवाधंद्याची जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा ओलांडली. कर १८ टक्के. आपलं गिऱ्हाईक घरगुती, 'साडेतीनशे म्हणजे साडेतीनशे' देणारं. त्यावर कर वेगळा मागता येत नाही. मग तो तुमच्याच खिशातून जातो, महिन्याला जवळजवळ ३१ हजार. साबण-यंत्रांवर भरलेल्या कराची थोडी वजावट मिळते, पण ३९ हजारांचा जीव गेलेलाच असतो. अशा वेळी ५० लाखांच्या आतल्या सेवाधंद्यासाठी असलेली ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना सोयीची पडते. त्यात वजावट नाही आणि गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही, पण भार १२ हजारांवर येतो. मग २७ हजार उरतात, तिघांत ९-९ हजार. तुम्हाला व्याजाचे साडेसात आणि वाट्याचे ९, असे साडेसोळा हजार. १० लाखांवर वर्षाला वीस टक्क्यांच्या जवळ, आयकरापूर्वी. वाईट अजिबात नाही. पण हे २० गाड्यांना, आणि दीड लाखाच्या जवळपासही नाही. १८ ते २० लाखांच्या उलाढालीवर बसलेल्या प्रत्येक सेंटरनं ही उडी आधी मांडून ठेवावी, कारण वाढलेल्या गाड्यांचा फायदा त्या टप्प्यावर काही महिने दिसतच नाही.

हे आकडे माझ्याकडचे आहेत. साताऱ्यातला मजुरीचा आणि वॉशचा दर तुम्ही स्वतः विचारून घाला. त्यापेक्षा सोपं एक करा. सातारा शहरात किंवा शाहूपुरी-गोडोलीच्या बाजूला चालू असलेल्या एखाद्या सेंटरसमोर एक मंगळवार, एक शनिवार आणि एक रविवार बसा आणि गाड्या मोजा. दुपारी दोन ते चार मुद्दाम मोजा. महामार्गाला लागून जागा आहे याचं फार कौतुक करू नका. पुण्याहून कोल्हापूरला निघालेला माणूस वाटेत कार धुवायला थांबत नाही, ट्रकवाला थांबतो. कारचं गिऱ्हाईक तीन-चार किलोमीटरच्या आत राहणारं किंवा नोकरी करणारं असतं. त्यामुळे त्या सेवा रस्त्यावर सोसायट्या, एमआयडीसीचे कामगार, दवाखाने, शाळा किती, हे बघा. आणि सेवा रस्त्यावरून आत वळायला परवानगी लागते का, तेही महामार्गाच्या कार्यालयात विचारून ठेवा.

पाण्याविषयी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण निम्मा धंदा पाण्यावर आहे आणि तुमच्या मित्रांच्या हिशेबात पाण्याला एकच ओळ आहे: 'बोअर आहे.'

बोअर आहे म्हणजे काय ते मे महिन्यात कळतं. प्रेशर पंप मिनिटाला साधारण २० लिटर फेकतो. एका कारवर गन सात-आठ मिनिटं उघडी राहते, म्हणजे दीडशे लिटर. पायपुसण्या, रॅम्प, दुचाकी धरून २० गाड्यांच्या दिवसाला चार-साडेचार हजार लिटर लागतात. एप्रिल-मेमध्ये बोअर सलग चार तास चालवा आणि टाकीत किती जमा झालं ते मोजा. सप्टेंबरमध्ये भरून वाहणारं बोअर दाखवून कुणी हमी देत असेल तर ती हमी धरू नका. टँकर घ्यायचा झाला तर तुमच्या भागातला मेमधला दर विचारा, जानेवारीतला नको. आणि नळाच्या पाण्यावर हा धंदा उभा करूच नका. टंचाई आली की पहिला घाव वॉशिंग सेंटरवर पडतो, आणि तो पडायलाच हवा. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी आली, ५,००० रुपये दंड ठेवला. आपल्याकडेही महापालिका-नगरपालिका उन्हाळ्यात असे आदेश काढतात.

पाणी किती यासोबत पाणी कसं, हेही बघा. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर उन्हात पांढरे ठिपके धरतात. मुलगा कापड मारेपर्यंत बॉनेटवर वर्तुळं उमटलेली असतात, आणि ती नुसत्या ओल्या कापडानं जात नाहीत. पॉलिश मारावं लागतं, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो. तो बोअरच्या पाण्यात बुडवा. आकडा हजाराच्या वर असेल तर शेवटच्या धारेसाठी गोड्या पाण्याची वेगळी टाकी किंवा सॉफ्टनर खर्चात धरा. धुण्याच्या जागेवर शेड हवीच, ती याचसाठी. सावलीत पाणी हळू वाळतं आणि कापड मारायला वेळ मिळतो. खर्च वाचवायला शेड 'नंतर करू' म्हणणारे पुढे पॉलिशवर तेवढेच पैसे घालवतात.

वापरलेलं पाणी कुठे जाणार? त्यात माती, ग्रीस, ऑइल असतं. तीन कप्प्यांची टाकी करा: पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं ते काढायचं, तिसऱ्यातून पाणी पुढे. शेजारी शेत असेल आणि हे पाणी तिकडे गेलं तर सहा महिन्यांत तक्रार होते, आणि ती खरी असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन तुमच्या आकाराच्या सेंटरला कोणतं संमतीपत्र लागतं ते लेखी विचारा. दुकाने अधिनियमाखालची नोंद, उद्यम नोंदणी ही कामं ऑनलाइन होतात, त्यात अडचण नसते.

इथवर धंदा झाला. आता कागद.

१८ लाखांपैकी किती पैसे परत उचलता येतील, हे आधी वेगळं लिहा. लिफ्ट, पंप, कंप्रेसर, व्हॅक्यूम, फोम टँक हे उद्या विकता येतं, निम्म्या भावानं का होईना. पण काँक्रीट, शेडचा पाया, बोअर, गटार, गाळाच्या टाक्या, वायरिंग हे सगळं जागेला चिकटतं. तुमच्या प्रकल्पात ते ८-९ लाखांच्या घरात जाईल. म्हणजे तुमच्या १० लाखांतला मोठा हिस्सा मित्राच्या जमिनीत पुरला जातोय. उद्या त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी 'जागा रिकामी करा' म्हटलं तर तो खर्च त्याच्या जागेची किंमत वाढवून तिथेच राहतो. म्हणून पहिला कागद भागीदारीचा नाही, जागेचा. सातबारा काढा. नाव मित्राचं आहे, वडिलांचं आहे, की त्यात काका, आत्या आणि बहिणीही आहेत? जागा बिगरशेती आहे का? ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सहीनं किमान सात वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा फर्मच्या नावे करा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवल्याशिवाय कायद्यापुढे उभा राहत नाही. मुदतीआधी जागा परत घेतली तर जमिनीत घातलेल्या खर्चापैकी उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात भरपाई, ही अट त्यातच घाला. मित्र म्हणेल, 'माझ्यावर विश्वास नाही का?' त्याला सांगा, तुझ्यावर आहे, पण सातबाऱ्यावर तू एकटा नाहीस.

दुसरा कागद भागीदारीचा. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चा आहे, आणि करारात काही लिहिलेलं नसेल तर तो स्वतःचे नियम लावतो. ते नियम तुम्हाला सोयीचे नाहीत. करार गप्प असेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो, मग भांडवल कुणाचं कितीही असो. काम करणाऱ्या भागीदाराला पगाराचा हक्क नसतो. भांडवलावर व्याज नसतं. भांडवलाशिवाय वेगळी उसनी रक्कम फर्मला दिली असेल तर तिच्यावर ६ टक्के. म्हणजे नुसता 'तिघांत सारखा' असा स्टॅम्पपेपर केलात आणि १२ लाख बुडाले, तर तोटाही तिघांत सारखा, आणि ३ लाख घालणाऱ्याच्या वाट्याला ४ लाख, म्हणजे त्याचे ३ लाख जाऊन वरचे १ लाख त्याच्याकडून वसूल करण्याची पाळी तुमच्यावर. ते कसे येणार, हे तुम्हीच जाणता.

फर्म निबंधकांकडे नोंदवा. नोंद नसलेल्या फर्मला बाहेरच्याकडून येणं वसूल करायला दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही करारातला हक्क कोर्टात मागता येत नाही. नोंदणी सक्तीची नाही म्हणून लोक टाळतात आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी दार बंद असतं.

भागीदारांच्या जबाबदारीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून ते स्पष्ट लिहितो. साध्या फर्ममध्ये प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला एकत्रितपणे आणि वैयक्तिकही जबाबदार असतो. 'मी फक्त पैसे घातलेत, मी पुण्यात असतो' हे चालत नाही. आणि आपल्या धंद्यातली मोठी देणी साबणवाल्याची नसतात. ओली जमीन, थ्री-फेजची मोटर आणि गमबूट काढून अनवाणी काम करणारा मुलगा, हे तिन्ही एका जागी असतात. अर्थिंग सैल असेल तर काय होईल ते सांगायला नको. कामगाराचा जीव गेला तर भरपाई मालकांनी द्यायची असते, आणि मालक म्हणजे तुम्ही तिघं. तसंच, रॅम्पवरून गाडी उतरवताना मुलानं ती भिंतीला घासली, आणि त्याच्याकडे लायसन्सच नव्हतं, तर विमा कंपनी हात वर करते. वीस लाखांच्या एसयूव्हीचा दरवाजा आणि पिलर कुणाच्या खिशातून? सेंटर सुरू करायच्या आधी ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारे स्विच, प्रत्येक यंत्राच्या लाइनवर बसवा, कामगारांचा आणि गिऱ्हाईकांच्या गाड्यांचा विमा घ्या, आणि गाडी फक्त लायसन्सवाल्यानं हलवायची हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. या तीन गोष्टी मी कधीच वाटाघाटीवर सोडत नाही.

याच कारणानं तुमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्या भागीदारानं एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, विचार करावा असं मला वाटतं. तिथे तुमची जबाबदारी साधारणपणे घातलेल्या रकमेपुरती राहते. त्याला किंमत आहे: दरवर्षी दोन विवरणपत्रं भरावी लागतात, उशीर झाला की दंड लागतो आणि उशीर वाढेल तसा वाढतो, आणि उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट सक्तीचं होतं. शिवाय छोट्या धंद्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा दाखवून कर भरण्याची जी सवलत आहे, ती साध्या भागीदारी फर्मला मिळते, एलएलपीला नाही. वर्षाकाठी लेखापालाचे काही हजार जास्त जातील. तुमचं पुण्यात कर्जावरचं घर असेल तर ते पैसे मी आनंदानं देईन. कराचं आणखी एक: फर्म असो वा एलएलपी, नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर लागतो, भागीदाराचा पगार आणि १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज मर्यादेत खर्च म्हणून धरता येतं, पण करारात लिहिलेलं असेल तरच. ठरावीक टक्क्यांच्या सवलतीत गेलात तर ते वेगळं वजा होत नाही. एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार-व्याज वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की त्यातून १० टक्के कर (हा करातला टीडीएस) आधीच कापावा लागतो. हे तुमच्या लेखापालाकडून आकड्यांसह मांडून घ्या.

तुमच्या नोकरीचाही कागद बघा. नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय करायला मनाई असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. सरकारी नोकरी असेल तर वर्तणूक नियमांमुळे हा विषय इथेच थांबतो.

करारात पुढच्या दिवसांबद्दल दोन गोष्टी नक्की हव्यात. पहिली, जादा पैसे लागले तर कोण घालणार. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आमच्या पंपाच्या मोटरी, कंप्रेसर, व्हॅक्यूम सगळं गाळाखाली गेलं. पाणी ओसरल्यावर गंमत अशी की कामाला तोटा नव्हता. शहरभर गाड्यांत गाळ. सीट काढायच्या, खालचा गालिचा उपसायचा, दाराच्या आतली माती धारेनं नाही तर हातानं काढायची, कारण आत वायरिंग असतं, आणि मग दोन-तीन दिवस दारं उघडी टाकून वास घालवायचा. एका गाडीला दोन माणसं दीड दिवस. काम दारात उभं आणि मोटरी बंद. आमच्या करारात लिहिलेलं होतं की तातडीचा खर्च भागीदारांनी वाट्याच्या प्रमाणात पंधरा दिवसांत घालायचा, आणि जो घालणार नाही त्याचा वाटा त्या प्रमाणात कमी होणार. त्यामुळे बैठक अर्ध्या तासात संपली. साताऱ्याला पुराची भीती कमी असेल, पण बोअर कोरडं पडणं किंवा लिफ्टचं सिलिंडर जाणं तिथेही आहेच. विम्यात पुराचं कलम आहे का, तेही वाचून घ्या.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याची. तीन महिन्यांची नोटीस, उरलेल्या दोघांना विकत घेण्याचा पहिला हक्क, आणि किंमत कशी काढायची ते सूत्र आत्ताच. मी यंत्रांची त्या दिवसाची विक्री किंमत, शिल्लक रोकड आणि मागच्या बारा महिन्यांचा निव्वळ नफा, यांची बेरीज धरतो. तुम्ही दुसरं काही धरा, पण आधी धरा. भागीदाराचा मृत्यू झाला तर करार गप्प असल्यास फर्म विसर्जित होते. म्हणून उरलेले दोघं चालू ठेवतील आणि वारसांना सूत्राप्रमाणे रक्कम देतील, हे लिहा. आणि चालवणारा मित्र बाहेर पडून समोरच दुसरं सेंटर काढणार नाही, अशी अट ठरावीक मुदतीची आणि हद्दीची असेल तर भागीदारीच्या कायद्यात चालते. गिऱ्हाईकं त्याला नावानं ओळखत असतात, सेंटरला नाही.

पुण्यात बसून लक्ष कसं ठेवायचं? कॅमेऱ्यानं फार साधत नाही, दिवसभर कोण बघणार. क्यूआर कोड फर्मच्याच चालू खात्याचा हवा, कुणाच्या वैयक्तिक नंबरचा नाही. पावतीपुस्तक क्रमांकाचं. आणि प्रेशर पंपाला अवर मीटर बसवा. पंप किती तास चालला हे तो दाखवतो. दिवसाला तीन तास पंप चालला आणि दुचाकी, रॅम्प धरून एका कारमागे सरासरी नऊ मिनिटं जात असतील, तर वीसच्या आसपास गाड्या झाल्या. वहीत बारा असतील तर प्रेमानं विचारता येतं. मुलांच्या खिशात परस्पर जाणारे शंभर-दोनशे रुपये यातून सापडतात, आणि मित्रावर उगाच संशय घेण्याची पाळी येत नाही. चालवणाऱ्यालाही हे सोयीचं असतं, कारण त्याचा प्रामाणिकपणा मीटरवर दिसतो.

एवढं सांगून तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आज ज्या स्वरूपात प्रस्ताव आहे, त्या स्वरूपात १० लाख घालू नका. पण नाही म्हणून उठूही नका, कारण वर्कशॉपमध्ये राबलेला, सेंटर चालवणारा मित्र आणि घरची जागा या दोन गोष्टी सहज जुळत नाहीत. मित्रांपुढे टप्प्याचा प्रस्ताव ठेवा. पहिल्या टप्प्यात लिफ्टऐवजी सिमेंटचा रॅम्प, एक पंप, एक व्हॅक्यूम, चांगली शेड, गाळाच्या टाक्या. ११-१२ लाखांत बसेल. त्यात त्या दोघांचे ८ आणि तुमचे ४, तेही भाडेपट्टा नोंदवल्यानंतर. १८ लाखांऐवजी १२ गुंतले की व्याज आणि यंत्रांसाठी बाजूला काढायची रक्कम दोन्ही उतरतात, त्यामुळे कमी गाड्यांतही तग धरता येतो. उरलेले ६ लाख बँकेत राहू द्या. दसरा-दिवाळी सोडून सलग तीन महिने रोजची सरासरी पंधरा चारचाकींच्या वर राहिली आणि मे महिना बोअरवर निघाला, की लिफ्ट आणि दुसरा पंप घ्या. ते ६ लाख भांडवल म्हणून घालायचे की फर्मला ठरावीक व्याजानं कर्ज म्हणून द्यायचे, हे तोवर वर्षभराच्या हिशेबाच्या वह्या समोर असतील, त्या बघून ठरवा. मला विचाराल तर मी कर्ज म्हणून देईन, आणि लिफ्ट तारण म्हणून लिहून घेईन.